'नाळे बा' : सीमाभागातल्या कादंबरीत सत्ता आणि ताबा कसा विणावा

कडोली, येळ्ळूर, उचगाव, बेळगुंदी, सांबरा. बेळगावच्या आसपास गावोगावी साहित्य संमेलनं भरतात. मंडपामागं पंगती उठत असताना कुणीतरी पोरगा नाहीतर पोरगी पिशवीतून बाड काढते आणि म्हणते, "सर, जरा बघता काय? कादंबरी हाय." अशी बरीच बाडं आजवर माझ्या हातून गेली.

त्यातल्या बहुतेकांचं पहिलं प्रकरण एकच असतं. १ नोव्हेंबर, काळा दिन, सायकल फेरी, पोलीस, लाठी, रक्त. लिहिलेलं तळमळीनं असतं, कारण घरातल्या कुणीतरी तो मार खरोखर खाल्लेला असतो. पण तिसऱ्या प्रकरणापासून सत्ता गायब. नायक प्रेमात पडतो, आई आजारी पडते, शेत विकलं जातं, आणि ह्यातल्या कशाचाही त्या लाठीशी धागा जुळत नाही. शेवटच्या प्रकरणात लाठी परत येते, नायक पडतो, संपलं.

हा लेख मधल्या दोनशे पानांसाठी आहे.

आधी शब्द वेगळे करू

समीक्षेत 'आशयसूत्र' आणि 'कल्पनाबंध' असे दोन शब्द आहेत, आणि नवे लेखक ते एकाच टोपलीत टाकतात. 'सीमाभागातल्या माणसाची घुसमट' हे आशयसूत्र झालं. कादंबरी वाचून मिटल्यावर ते एका ओळीत सांगता येतं. कल्पनाबंध मात्र हाताला लागतो, कानाला ऐकू येतो. एखादी वस्तू, एखादं वाक्य, एखादी लकब, जी पुन्हा पुन्हा येते आणि दर फेरीला थोडी जड होऊन येते. आशयसूत्र पोटात असू द्या. वहीत उतरवायचा तो कल्पनाबंध.

दुसरी जोडी 'सत्ता' आणि 'ताबा'. सही तहसीलदाराची, ती सत्ता. पण ती फाइल आज त्यांच्या टेबलावर जाणार की सोमवारी, हे ज्याच्या मर्जीवर आहे त्याच्याकडं ताबा. सत्ता कुणाची हे गावाला ठाऊक असतं. ताबा कुणाचा हे कधी कधी घरातल्यालाही कळत नाही. कादंबरीला जास्त दूध देते ती ही दुसरी गाय.

पायरी पहिली : कोण कुणाला थांबवतंय ते बघा

आठ दिवस खिशात वही ठेवा आणि फक्त थांबणं टिपा. भांडणं टिपू नका, ती आपोआप लक्षात राहतात. सत्ता मारते ती वर्षातून एखाद्या दिवशी. थांबवते रोज.

आपल्या भागात थांबण्याची सगळ्यात मोठी शाळा म्हणजे ऊस. आडसाली लावण केलेला शेतकरी सोळा-अठरा महिने पाणी पाजतो, भांगलण करतो, सोसायटीचं कर्ज ओढतो. मग ऑक्टोबर-नोव्हेंबरात धुराडी पेटतात आणि तो माणूस एकदम भिकाऱ्यासारखा होतो. तोड कधी मिळणार? चिटबॉय, म्हणजे तोडीची चिठ्ठी देणारा कारखान्याचा माणूस, मोटरसायकलवरनं बांधाला येतो, ऊस बघितल्यासारखं करतो, "बघू, फुडच्या पाळीत" म्हणतो आणि जातो. उसाला तुरा फुटतो, कांडी आतनं पोकळ व्हायला लागते, वजन घटतं. चिटबॉयचं काहीच घटत नाही. तोड मिळालीच तर टोळीच्या मुकादमाला खुशाली, म्हणजे वरचे पैसे, द्यायची. ट्रॅक्टर कारखान्याच्या रांगेत रात्रभर उभा. मग काटा. 'काटा मारला' हे दोन शब्द आपल्याकडं लहान पोरालाही कळतात.

आता ह्याच साखळीत दुसऱ्या बाजूनं शिरा. बीडकडनं आलेलं तोडणीचं जोडपं. त्यांनी मुकादमाकडनं उचल घेतलीय, ती फिटेपर्यंत ते हलू शकत नाहीत. बांधावर वाट बघणारा शेतकरी त्यांच्या दृष्टीनं मालक आहे. शेतकऱ्याच्या दृष्टीनं खुशाली मागणारी टोळी मालक आहे. एका बांधावर दोघंही एकमेकांना घाबरून उभे. हा प्रसंग ज्याला लिहिता आला त्याला पोलीस ठाण्याचं प्रकरण लिहायची घाई राहणार नाही.

निपाणीकडचे असाल तर तंबाखू आणि बिडी. १९८१ साली तंबाखू शेतकऱ्यांनी तिथं पुणे-बेंगळूर महामार्ग अडवला, गोळीबार झाला, ते इतिहासात गेलं. पण बिडी वळणाऱ्या बाईचा रोजचा प्रसंग बघा. ठेकेदार पानं आणि तंबाखू मापून देतो, हजार बिड्या परत मागतो. पानं किडकी निघाली तरी हजारच. संध्याकाळी तो बिड्यांचा कट्टा उचलतो, बोटांनी दाबतो, काही बिड्या बाजूला सारतो. बाद. बाद झालेल्या बिड्या टाकून देतात की विकतात, हे ती बाई विचारत नाही. न विचारणं लिहा.

आणि नाडकचेरी, म्हणजे काही गावांमिळून असलेली महसुली कचेरी. खिडकीतनं उत्तर येतं : "नाळे बा." उद्या ये. कर्नाटकात एके काळी भुताला चकवायला लोक दारावर हेच दोन शब्द लिहीत. भूत येतं, वाचतं, परत जातं, दुसऱ्या दिवशी पुन्हा येतं, पुन्हा वाचतं. मला हे कळलं त्या दिवशी खिडकीसमोरची रांग वेगळीच दिसायला लागली.

पायरी दुसरी : एकच वस्तू निवडा, आणि पहिली सुचलेली टाका

पहिली सुचते ती किल्ली. सासूच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा, शेवटी तो सुनेच्या कमरेला. मराठी कथेत हा जुडगा इतक्यांदा खुळखुळलाय की आता वाचक ऐकतही नाही. दुसरी सुचते ती खुर्ची. ती तर व्यंगचित्रातच बरी.

वस्तूला तीन गोष्टी जमल्या पाहिजेत. ती कचेरीत आणि माजघरात दोन्हीकडं सहज जायला हवी. एका हातातनं दुसऱ्या हातात जाता यायला हवी. आणि तिचा स्वतःचा साधा उपयोग हवा, म्हणजे ती प्रतीक म्हणून मिरवणार नाही.

उदाहरण म्हणून मी एक कादंबरी इथंच रचतो. बेळगाव तालुक्यातलं एक गाव, काळ २००१ च्या आसपासचा. घरात थोरला भाऊ, सगळे त्याला अण्णा म्हणतात. धाकटी बहीण शांता, लग्न होऊन हुक्केरीकडं गेलेली. तिची पोरगी सुमी, कन्नड शाळेत शिकणारी. वडील वारलेत. वस्तू आहे वडिलांचा चष्मा. घरात एकच चष्मा, तो अण्णाच्या खिशात. पंचांग, सोसायटीची नोटीस, लग्नाची पत्रिका, कुणाला काही वाचायचं झालं तर अण्णाकडं जायचं. तो म्हणेल तेव्हा, तो म्हणेल तितकंच.

एवढ्यानं घरातला ताबा कळला. पण चष्म्याची खरी गंमत कचेरीत आहे. २००० च्या सुमारास कर्नाटकाच्या 'भूमी' योजनेत पहाण्या, म्हणजे जमिनीचे उतारे, संगणकावर गेल्या. त्याआधी तलाठी हातानं लिहून द्यायचा आणि तोंडानं मराठीत सांगायचा. आता छापील कागद मिळतो, कन्नडमधला. अण्णा मराठी शाळेत शिकलेला. चष्मा आहे, डोळे आहेत, आणि कागद वाचता येत नाही.

पायरी तिसरी : पहिल्यांदा येऊ द्या ती गुपचूप

"अण्णानं खिशातनं चष्मा काढला. धोतराच्या सोग्यानं पुसला. कागद जवळ धरला, मग लांब धरला. खिडकीमागचा कारकून बघत होता. अण्णाचे ओठ हलत राहिले. मागच्या माणसानं खाकरून बघितलं, तरी हलत राहिले. मग त्यानं चष्मा उतरवला, काड्या मिटल्या, खिशात घातला. 'बरोबर हाय,' तो म्हणाला."

ह्या उताऱ्यात अपमान, अन्याय, सक्ती ह्यातला एकही शब्द नाही. पहिल्या खर्ड्यात होता. 'परक्या लिपीच्या जोखडाखाली' असं काहीतरी मी खरडलं होतं. ते ठेवलं असतं तर वाचकानं अण्णाची दया केली असती आणि पान उलटलं असतं. आता तो अण्णाच्या हलणाऱ्या ओठांकडं बघतो आणि त्याला अवघडल्यासारखं होतं, कारण असे ओठ त्यानंही कुठंतरी हलवलेत.

कारकुनाला एक ओळ द्या, फार नको. तो हावेरीकडचा आहे, एक खोली भाड्यानं घेऊन राहतो, बदलीच्या अर्जावर त्यालाही वरनं 'नाळे'च ऐकायला मिळतंय, आणि चहावाल्याशी तो झकास मराठी बोलतो. मग प्रश्न उभा राहतो की अण्णाशी का नाही बोलला. ह्या प्रश्नाचं उत्तर कादंबरीनं देऊ नये. कारकून राक्षस झाला की कादंबरी पत्रक होते, आणि पत्रकं छापायला आपल्याकडं माणसं कमी नाहीत.

पायरी चौथी : 'बा' आणि 'बर्री' मधलं अंतर

मराठीत तू, तुम्ही, आपण. उत्तर कर्नाटकातल्या कन्नडमध्ये शेवटी लागणारा 'री'. 'नाळे बा' म्हणजे उद्या ये, 'नाळे बर्री' म्हणजे उद्या या. दोन्हीत माणूस परतच जातो, पण दुसऱ्यात जरा ताठ मानेनं. सीमाभागातल्या लेखकाला हे दोन भाषांचं हत्यार फुकट मिळालंय.

प्रत्येक पात्राची एक यादी करा : कोण कुणाला काय म्हणतं, आणि कोणत्या प्रसंगात ते बदलतं. अण्णा बाँड रायटरला, म्हणजे कचेरीसमोर दस्त लिहून देणाऱ्याला, 'तुम्ही' म्हणतो. बाँड रायटर अण्णाला गिऱ्हाईक असेपर्यंत 'या पाटील' म्हणतो आणि पैसे हातात पडल्यावर 'तू बस जरा तिथं'. शांता भावाला 'अण्णा, तू' म्हणते, लाडानं. वडिलांच्या जमिनीतला हिस्सा सोडल्याच्या कागदावर तिचा अंगठा घेतात (तो प्रसंग पुढच्या पायरीत), त्यानंतरच्या दिवाळीत ती त्याला 'तुम्ही' म्हणते. एकदाच. अण्णाच्या हातातला घास थांबतो, पुढं कुणी काही बोलत नाही. तिच्या तोंडी लांबलचक भाषण घालायचा मोह होईल. त्या एका 'तुम्ही'नंतर ते भाषण पाणी घातलेल्या आमटीसारखं लागेल.

बोलीबद्दल एक इशारा. संवादात 'काय गा', 'व्हय', 'न्हाई' येऊ द्या, पण फक्त गरिबांच्या तोंडी बोली आणि शिकलेल्यांच्या तोंडी पुस्तकी मराठी अशी वाटणी केलीत तर तिथं ताबा तुमचा, लेखकाचा, दिसतो. आपल्या भागातला वकीलसुद्धा घरी बोलीच बोलतो. तो ती कुठं सोडतो, कोणाला बघून सोडतो, ते टिपा.

पायरी पाचवी : कचेरीतली सत्ता माजघरात आणा

आता मुख्य मुद्दा, आणि इथंच बहुतेक बाडं अडतात.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली आणि बेळगाव मुंबई राज्यातनं म्हैसूर राज्यात गेलं. हे आपल्या भागात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. पण त्याच वर्षी, जूनमध्ये, हिंदू वारसा कायदाही आला आणि बापाच्या वाट्यात लेकीला हिस्सा मिळाला. १९९४ मध्ये कर्नाटकानं आणि महाराष्ट्रानं, दोघांनीही, आपापल्या राज्यात दुरुस्ती करून अविवाहित मुलींना एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत जन्मानं हक्क दिला. २००५ मध्ये केंद्रानं सगळ्याच मुलींना दिला. एका १९५६ च्या तारखेवर आपण शेकडो कविता लिहिल्या. दुसरीवर हक्कसोड पत्रं लिहिली.

हक्कसोडीचा दिवस ज्यानं जवळनं बघितलाय त्याला सांगायला नको. बहिणीला चार दिवस आधी बोलावणं धाडतात. पुरणपोळी होते. नवं पातळ येतं. "आपलंच हाय की, कुटं चाललंय?" हे वाक्य दिवसातनं चारदा कुणी ना कुणी म्हणतं. मग सब-रजिस्ट्रारच्या कचेरीसमोर, बाँड रायटरच्या टेबलाशी, बहिणीला प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवतात. ह्या घरानं तिला खुर्ची दिल्याचा तो बहुधा पहिलाच प्रसंग.

हा प्रसंग आपल्या कादंबरीत असा :

"बाँड रायटरनं कागद शांताच्या पुढ्यात सरकवला आणि तिच्याकडं न बघता अण्णाला विचारलं, 'हेब्बेट्टु?' शांतानं पेन उचललं होतं. सातवीपर्यंत शिकली होती ती, आपलं नाव तिला लिहिता येत होतं, नवऱ्याचंही येत होतं. अण्णानं तिच्या हातातनं पेन अलगद घेतलं. 'व्हय,' तो म्हणाला, 'अंगठाच.' शाईचा डबा तिच्याकडं आला. नंतर बोट पुसायला तिनं पदर घेतला, तर अण्णा म्हणाला, 'नवं पातळ हाय गं,' आणि चष्मा पुसायचं फडकं तिला दिलं."

'हेब्बेट्टु' म्हणजे अंगठा. कन्नडमध्ये अडाणी माणसालाही हाच शब्द लावतात. अण्णानं असं का केलं? सही करायची म्हणजे ती आधी वाचायला मागेल, आणि वाचता येत नाही म्हणून कुणाला तरी विचारेल, ही भीती असेल. किंवा घाई असेल, पाच वाजता कचेरी बंद होते. किंवा त्याला खरंच वाटत असेल की बाईमाणसाचा अंगठाच बरा दिसतो. तिन्ही शक्य ठेवा.

चष्मा आला का? आला, फडक्याच्या रूपानं. आधीच्या प्रसंगात अण्णा खिडकीसमोर वाचल्याचं सोंग करत होता. इथं तेच सोंग तो बहिणीवर उलटवतो : न वाचता आलेला कागद तिच्यापुढं ठेवतो. वरनं जे मिळालं ते खाली वाढलं. पंगतीत वाढपी फिरतो तसं. हे वाक्य कादंबरीत लिहायचं नाही, मी फक्त तुम्हाला सांगतोय.

माझ्या भाषेवर, गावावर अन्याय झाला असं लिहिणारा माणूस स्वतःच्या बहिणीच्या अंगठ्यापाशी गप्प का होतो, हा प्रश्न मला अनेक बाडं वाचताना पडला. स्वतःलाही पडला. आमच्याही घरात एक असा कागद झाला होता, आणि मी साक्षीदार म्हणून सही केली होती. पुढं सांगत नाही.

पायरी सहावी : फेऱ्यांची वही

वस्तू पुन्हा कधी यावी ह्याचा हिशेब डोक्यात राहत नाही. साधी दुरेघी वही घ्या. वस्तूच्या प्रत्येक येण्याची नोंद करा : प्रकरण कोणतं, वस्तू कुणाच्या हातात, थांबलंय कोण, आणि मागच्या वेळेपेक्षा काय बदललं. शेवटची जागा रिकामी राहिली तर तो प्रसंग कापा. कितीही सुंदर लिहिलेला असो.

आपल्या कादंबरीची माझी नोंद साधारण अशी होईल. दुसऱ्या प्रकरणात चष्मा अण्णाच्या खिशात, घर थांबलंय, ही सुरुवात. चौथ्यात नाडकचेरी, चष्मा डोळ्यावर आणि निकामी, थांबलाय अण्णा. सातव्यात बाँड रायटर, चष्मा मिटलेला, फडकं शांताच्या हातात. नवव्यात उसाची पावती, अण्णा चष्मा लावून काट्याचा आकडा बघतो. आकडा तर वाचता येतो, पण तो खरा आहे की नाही हे चष्मा सांगत नाही. नवव्यातलं मी बराच काळ ठेवू की काढू करत होतो. ठेवलं, कारण तिथं पहिल्यांदा वाचता येऊनही उपयोग होत नाही, म्हणजे भांडण फक्त लिपीचं नाही हे कळतं.

फेऱ्या किती? तीनशे पानांच्या कादंबरीत सहा-सात पुरे. त्यापेक्षा जास्त झाल्या की वाचक वस्तू मोजायला लागतो. आणि एकदा तरी ती जिथं यायला हवी तिथं येऊ देऊ नका. अण्णा एका रात्री चष्मा शोधतो आणि सापडत नाही, एवढंच प्रकरणही चालेल.

पायरी सातवी : निवेदकाच्या हातात किती द्यायचं

कादंबरीतला सगळ्यात ताकदवान माणूस निवेदक. त्याच्याकडं माहितीची चावी असते. सर्वसाक्षी निवेदक घेतलात तर तो सगळ्यांच्या मनात शिरतो, आणि सीमाभागातल्या कादंबरीत तो हमखास न्यायाधीश होतो. अण्णाच्या तोंडून प्रथमपुरुषी लिहिलंत तर वाचक त्याच्या सोंगात सामील होतो, हे जास्त धारदार. पण मग शांताच्या मनातलं काहीच मिळत नाही, आणि ते न मिळणं हीच गंमत ठरू शकते.

कन्नड वाक्यांचं काय करायचं, हा प्रश्न मला दर संमेलनात विचारतात. लगेच मराठी अर्थ द्यायचा का? माझं मत : नाही. निदान पहिल्या खेपेला नाही. पुण्या-मुंबईच्या वाचकाला 'हेब्बेट्टु' कळत नाही, मग त्याला दोन पानं तसंच राहू द्या. शांताला तरी कुठं कळलं होतं? वाचकालाही खिडकीसमोर थोडं उभं करा. मग अर्थ प्रसंगातनंच सुटू द्या. तळटीप मात्र देऊ नका, तळटीप म्हणजे मागच्या दारानं आत घेणं.

सनावळ्या आणि शब्द, पटकन

कर्नाटकात ग्रामपंचायतीला सरपंच नसतो, अध्यक्ष असतो, आणि बरीचशी चावी पीडीओकडं, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्याकडं. जिल्हाधिकारी म्हणा, पण लोक डीसी म्हणतात. सातबारा नव्हे, उतारा किंवा पहाणी. शहराचं सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ ला 'बेळगावी' झालं, म्हणून १९८० मधल्या प्रसंगात पाटीवर ते लिहू नका. आणि आजही घरात, बसमध्ये मराठी माणूस 'बेळगाव'च म्हणतो. सीमावादावरचा महाजन आयोग १९६६ ला नेमला, अहवाल १९६७ चा. कन्नडसक्तीविरुद्धचं आंदोलन १९८६ चं. त्याच वादावर महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला २००४ ला. बेळगावातलं सुवर्ण विधानसौध उभं राहिलं २०१२ ला. ह्या तारखा तुम्हाला पाठ हव्यात, आणि कादंबरीत त्यातल्या जास्तीत जास्त दोन दिसाव्यात. उरलेल्या पात्रांच्या वयात, घराच्या पडवीत, कॅलेंडरच्या मागल्या बाजूच्या हिशेबात मुरू द्या.

मोठी घटना घ्यायचीच असेल तर तिच्या कडेला उभे राहा. जुलै २०१४ मध्ये 'महाराष्ट्र राज्य येळ्ळूर' हा फलक प्रशासनानं हटवला, लोकांनी पुन्हा उभारला, पुन्हा मोडला, लाठ्या बसल्या. सगळे लेखक फलकासमोर उभे राहतात. तुम्ही त्या रात्रीच्या घरात जा, जिथं मार खाऊन आलेल्या पोराच्या पाठीला हळद लावणारी बायको विचारते, "आता दवाखान्याचा खर्च कुणाला मागायचा?" आणि सासरा म्हणतो, "तू गप बस." फलकावरचे शब्द आणि हे तीन शब्द एकाच पानावर येऊ द्या.

पायरी आठवी : ताबा फिरवा, पण विजय करू नका

दुबळ्याच्या हाती सत्ता येते आणि न्याय होतो, हा शेवट गोड लागतो आणि खोटा असतो. ताबा फिरला पाहिजे, फिरताना तो ज्याच्या हाती जातो त्यालाही थोडा मळवून गेला पाहिजे.

आपल्या गोष्टीत तो सुमीकडं जातो. दिवाळीच्या सुटीत ती आजोळी आलीय. अण्णा नवा उतारा आणतो, सोप्यावर बसतो, चष्मा काढतो, क्षणभर धरतो, मग कागद भाचीकडं देतो. "सुमे, वाच बघू." कन्नड शाळेतली पोर, खडाखडा वाचते. सर्व्हे नंबर, क्षेत्र, आकार, नावं. हक्कसोडीत बाँड रायटरच्या हातनं एक सर्व्हे नंबर राहून गेलाय, आणि त्या तुकड्यावर अजून तिच्या आईचं नाव आहे. सुमी तिथं येते.

"तिनं बोट त्या ओळीवर ठेवलं. मग खालच्या ओळीवर ठेवलं आणि पुढं वाचायला लागली. 'आणि?' अण्णानं विचारलं. 'आणि काय न्हाई मामा. तुमचंच नाव.' आत शांता भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज मध्येच थांबला आणि परत सुरू झाला."

सुमीनं काय केलं? आईचं भलं केलं की मामाला फसवलं? आईला ती रात्री सांगेल का, की हे गुपित स्वतःच्याच मुठीत ठेवेल? बारा-तेरा वर्षांच्या पोरीला त्या क्षणी कळलंय की वाचता येणं म्हणजे काय. तिला ते आवडलंय. हे आवडणं सोडू नका; ते नसलं तर सुमी नुसती हुशार भाची उरते.

पुनर्लेखन

पहिला खर्डा महिनाभर बाजूला ठेवा. मग संगणकावर शोध लावून 'सत्ता', 'अन्याय', 'गुलामी', 'अस्मिता', 'शोषण' हे शब्द कुठं कुठं आलेत ते काढा. पात्राच्या तोंडी, सभेत, भाषणात आले असतील तर राहू द्या, लोक सभेत असंच बोलतात. निवेदनात आले असतील तर तिथं तुम्ही प्रसंग लिहायचा कंटाळा केलाय. शब्द खोडा, प्रसंग लिहा.

त्यानंतर प्रत्येक प्रकरणाला एकच प्रश्न : ह्यात कोण कुणाला थांबवतंय? उत्तर सगळीकडं 'सरकार' येत असेल तर परत पाचव्या पायरीवर जा. उत्तर सगळीकडं 'नवरा' येत असेल तरीही परत जा, पण उलट्या दिशेनं, त्या नवऱ्याला कुठल्या खिडकीनं परत पाठवलंय ते शोधायला.

शेवटी मोठ्यानं वाचून दाखवा, आणि साहित्यिकाला नको. आमच्या गल्लीत एक मावशी आहेत, चार बुकं शिकलेल्या, संध्याकाळी कट्ट्यावर लसूण सोलत बसतात. त्यांना मी ही चष्म्याची गोष्ट तुकड्यातुकड्यानं वाचून दाखवली. नाडकचेरीला त्या हसल्या. अंगठ्याच्या प्रसंगाला सोलायच्या थांबल्या, काही बोलल्या नाहीत. सुमीचा प्रसंग संपला तेव्हा टोपली उचलत विचारलं, "मग त्यो चष्मा कुटं ऱ्हायला?"

मी बाड चाळलं. सोप्यावर, अण्णाच्या हातात काढला होता, तिथंच. नंतर मी त्याला विसरलो होतो. घरी येऊन ते प्रकरण परत काढलं.